शनिवारी शाळा सुटल्यावर कोण येणार?

नाशिकमधल्या एका सेवाभावी क्लबच्या सचिवांनी विचारले आहे: "आमचे चाळीसेक सदस्य आहेत. दर जूनमध्ये सातपूर भागातल्या एका महापालिका शाळेत वह्या-दप्तरे वाटतो, पावसाळ्यात झाडे लावतो, एक आरोग्य शिबिर घेतो. यंदा आठवी ते दहावीच्या साठ मुलांसाठी वर्षभर मार्गदर्शन सुरू करायचे ठरते आहे. स्वयंसेवक किती लागतील, काय शिकवायचे, खर्च किती येईल?"

साठ मुले घेऊ नका. पहिल्या वर्षी बारा घ्या, फार तर पंधरा. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे याच्याशी जोडलेली आहेत, म्हणून आधी हे सांगते.

मी या कामात सोळा वर्षे आहे. पहिल्या वर्षी आम्हीही असाच मोठा घास घेतला होता. चाळीस मुले, चाळीस मार्गदर्शक, जुलैत हॉल भरून कार्यक्रम, प्रत्येक मुलाच्या हातात गुलाबाचे फूल आणि शेजारी त्याचा दादा किंवा ताई. गणपतीपर्यंत सगळे उत्साहात चालले. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि निम्मे मार्गदर्शक आलेच नाहीत. कोणाच्या कंपनीत ऑडिट, कोणाच्या घरी लग्न, कोणाची पुण्याला बदली. कारणे सगळी खरी होती. आठवीतली एक मुलगी मात्र पुढचे चार शनिवार शाळेच्या फाटकाजवळच्या कट्ट्यावर गणिताची वही मांडीवर घेऊन बसलेली दिसायची. तिची ताई बदली होऊन गेली होती आणि ते तिला सांगायचे कोणाच्या लक्षातच आले नव्हते. चौथ्या शनिवारी मी शेजारी बसून सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मला वाटलं, मला चाचणीत कमी मार्क पडले म्हणून ताई येत नाहीत."

नव्या स्वयंसेवकांच्या पहिल्या बैठकीत मी दरवर्षी हा प्रसंग सांगते. मोठी माणसे अडचणीमुळे येईनाशी होतात आणि मूल कारण स्वतःत शोधते. अमेरिकेत 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' नावाचा अशाच जोड्या लावण्याचा फार जुना कार्यक्रम आहे. त्यातल्या मुलांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. ज्या जोड्या वर्षभर किंवा अधिक टिकल्या, त्यांतल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला होता. ज्या काही महिन्यांतच तुटल्या, त्यांतल्या मुलांची स्वतःबद्दलची भावना उलट खालावली होती. वह्या वाटून तुम्ही पुढच्या वर्षी आला नाहीत तर मुलाचे फारसे बिघडत नाही. इथे बिघडते. म्हणून मुलांची संख्या शाळेच्या पटावरून ठरवू नका. दोन वर्षे शनिवार देईन असे जितकी माणसे घरच्यांना विचारून सांगतील, तितकी मुले. चाळीस जणांच्या क्लबात अशी सहा-सात निघतात. एकेकाला दोन मुले दिली की बारा झाली.

आता क्लबच्या घड्याळाचे बोलू, कारण असे बरेच उपक्रम तिथेच बंद पडतात. रोटरी असो की लायन्स, आपले वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. शाळा उघडते जूनच्या मध्यावर. म्हणजे शाळेत वर्षाची घडी बसत असते, नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडे जुने अध्यक्ष निरोपाच्या आणि नवे पदग्रहणाच्या तयारीत असतात. नव्या अध्यक्षांना स्वतःचे काही करून दाखवायचे असते. त्यात वाईट काही नाही, वर्ष एकच मिळते. पण आठवीतले मूल दहावीला पोहोचेपर्यंत क्लब तीन अध्यक्ष बघतो. आम्ही हे असे सोडवले: बोर्ड मीटिंगमध्ये तीन वर्षांचा ठराव, त्यावर चालू अध्यक्ष, प्रेसिडेंट इलेक्ट म्हणजे पुढच्या वर्षाचे अध्यक्ष आणि त्यांच्या पुढचे नियोजित अध्यक्ष अशा तिघांच्या सह्या. प्रकल्पप्रमुखही तीन वर्षांसाठी नेमायचा आणि तो शक्यतो पदाधिकारी नसावा. पैसे वेगळ्या खात्यावर. आणि सुरुवात जाणाऱ्या अध्यक्षांच्या हातून, जूनमध्येच. म्हणजे नव्या अध्यक्षांना चालते काम हातात मिळते, ते मोडायला कोणाचे मन होत नाही.

बॅनर पहिले सहा महिने नको. मुलांना आपण कोणाच्या तरी उपक्रमातले 'गरजू विद्यार्थी' आहोत हे फलकावर वाचायला लागते तेव्हा ती अंग चोरतात. नववी-दहावीची पोरे तर फारच. सगळी शाळा बघत असते. क्लबातले फोटोचे विचारतीलही, तरी नको.

काय शिकवायचे? पहिले दोन शनिवार काहीच शिकवू नका. मूल कुठे उभे आहे ते बघा. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत वापरतात तो साधा कागद चालतो: अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात संख्या ओळखणे, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे. नववीच्या मुलाला हे द्यायला संकोच वाटतो, पण द्या. एकट्याला, बाजूला घेऊन, गुण न देता.

आमच्याकडे नववीतला एक मुलगा होता. बीजगणिताची सूत्रे धडाधड म्हणायचा. a, b च्या जागी संख्या आल्या की गप्प. मी त्याला ४०३ वजा १७८ दिले. त्याने ३७५ लिहिले. मी चूक म्हटले नाही, कसे केले ते विचारले. तो म्हणाला, "आठातून तीन गेले पाच, सातातून शून्य गेला सात, चारातून एक गेला तीन." प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढायचे, एवढाच नियम त्याच्या डोक्यात पक्का बसला होता आणि तिसरी-चौथीपासून तो कोणी तपासलाच नव्हता. रविवारी तो आईच्या भाजीच्या गाड्यावर उभा असतो हे मला ठाऊक होते. म्हटले, "गिऱ्हाइकाचे चारशे तीन तुझ्याकडे जमा आहेत, भाजी झाली एकशे अठ्ठ्याहत्तरची. परत किती देशील?" त्याने एक क्षणही घेतला नाही. "एकशे अठ्ठ्याहत्तरला बावीस टाकले की दोनशे, वर दोनशे तीन. दोनशे पंचवीस." मग त्याने स्वतःच कागदाकडे पाहिले. ३७५ वर बोट ठेवून म्हणाला, "मग हे चुकलं."

त्या दिवशी आम्ही बीजगणिताचे पुस्तक उघडलेच नाही. दहा आणि शंभराच्या खोट्या नोटा करून सुट्टे मोडत बसलो. हातचा म्हणजे शंभराची नोट मोडणे, हे त्याला सांगावे लागले नाही. दोन महिन्यांत तो अपूर्णांकांवर आला. दहावीला गणितात तो फार मोठ्या गुणांनी पास झाला असे नाही, पण पास झाला आणि पुढे आयटीआयला गेला.

मराठी आकड्यांचे एक वेगळे प्रकरण आहे. 'अठ्ठ्याहत्तर' म्हणताना आठ आधी ऐकू येतात आणि सत्तर नंतर, म्हणून पाचवी-सहावीतली मुलेही ऐकून ८७ लिहितात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. ती पद्धत आवडो न आवडो, अडचण खरी आहे आणि शनिवारच्या तासाला ती दर वेळी दिसते. मूल आकडा उलटा लिहीत असेल तर त्याला गणित येत नाही असा निष्कर्ष काढू नका. आकडा ऐकवा, लिहायला लावा, पुन्हा मोठ्याने वाचून घ्या.

वाचनासाठी एकच सांगते. प्रत्येक भेटीत दहा मिनिटे मुलाने मोठ्याने वाचायचे आणि तुम्ही ऐकायचे. इतिहासाचा धडा, पेपरातली बातमी, काहीही. मध्ये थांबवून उच्चार दुरुस्त करू नका. वर्षातून एकदा मुलांना सार्वजनिक वाचनालयात न्या. १८४० सालापासून नाशिककरांच्या पिढ्यांनी जपलेली ही संस्था आहे. सातपूर-अंबडची कितीतरी मुले दहावीपर्यंत तिथे पाऊल टाकत नाहीत. आमच्यातल्या एका मुलीला पुस्तके घरी नेता येतात हेच माहीत नव्हते.

अभ्यास घेणारे मास्तर क्लबात थोडेच असतात. तुमच्याकडे वेगळे काही आहे आणि बहुतेक क्लब ते वापरत नाहीत. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत रोटरीची पहिली बैठक झाली तेव्हा चौघे जमले होते: पॉल हॅरिस हे वकील, आणि बाकी एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता, एक शिंपी. वेगवेगळ्या धंद्यांतली माणसे एका टेबलाला, हीच मूळ कल्पना. तुमच्या चाळीस जणांतही सीए असेल, वकील असेल, टूल रूम चालवणारा असेल, द्राक्ष निर्यातदार, दाताचा डॉक्टर, प्रिंटिंग प्रेसवाला असेल. सातपूरच्या मुलाचे वडील एमआयडीसीत कंत्राटी कामगार असतात. त्याने कंपनीचे फाटक रोज पाहिलेले असते, आतले मशीन कधीच नाही. चार-चार मुलांना एका सदस्याच्या वर्कशॉपमध्ये अर्धा दिवस न्या. भाषण नको. व्हर्नियर या बारीक मोजपट्टीने मोजायला द्या, ड्रॉइंग दाखवा, मशीन लावून देणाऱ्या तिथल्या सेटरला पगार किती मिळतो ते त्यालाच सांगू द्या. आमच्याकडे नववीतल्या एका मुलीने संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनसमोर उभे राहून विचारले, "मुलींना घेतात का इथं?" ऑपरेटर म्हणाला, "पलीकडच्या मशीनवर बघ." तिकडे एक मुलगी जॉब, म्हणजे घडवायचा धातूचा तुकडा, मशीनवर लावत होती. त्या संध्याकाळी घरी जाऊन तिने पॉलिटेक्निकची चौकशी सुरू केली. हे मला कितीही तास घेऊन साधले नसते.

दुसरी ताकद कागदपत्रांची, आणि इथे मी जरा थांबणार आहे. हुशार मुले कागदावर अडकतात आणि त्याची कुठे नोंदही होत नाही.

आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस परीक्षा आहे, केंद्र सरकारची आर्थिक दुर्बल घटकांसाठीची शिष्यवृत्ती. सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांना बसता येते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे, सातवीत ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना त्यात ५ टक्क्यांची सूट. निवड झाली की नववी ते बारावी महिना १,००० रुपये, चार वर्षांत ४८,००० थेट बँक खात्यात. दोन पेपर: बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय. परीक्षा साधारण डिसेंबरात असते आणि अर्ज शाळेतून भरतात. म्हणजे जुलैपासून तयारी हवी, आणि उत्पन्नाचा दाखला त्याआधी. तहसीलदारांचा दाखला काढायला आई किंवा वडिलांना कामावर खाडा करावा लागतो. एका खाड्यात काम झाले नाही की दुसऱ्या खाड्याला घरात कोणी तयार होत नाही. क्लबातल्या एखाद्या निवृत्त सदस्याने पाच-सहा पालकांना एकाच दिवशी, सगळे कागद आधी तपासून, सेवा केंद्रावर नेले तर एका फेरीत काम होते. हे कंटाळवाणे आहे, कोणी फोटो काढत नाही. मला विचाराल तर आमच्या सगळ्या उपक्रमात याहून मोलाचे काही नाही.

नावाचेही तसेच. आधारवर 'सुवर्णा', शाळेच्या रजिस्टरला 'स्वर्णा', बँकेत आडनावच वेगळे. आठवीतच प्रत्येक मुलाचे आधार, जनरल रजिस्टर आणि बँक पासबुक शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. दहावीच्या प्रमाणपत्रावर चूक छापली गेली की मग हेलपाट्यांना अंत नाही. जातीच्या दाखल्याचे आणि पुढे पडताळणीचेही वेळेत सांगा. मुलींच्या पालकांना हेही सांगा की २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींचे व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य सरकार भरते, प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून घेतला तर. मुलगी दहावीला असतानाच वडिलांच्या मनात 'पुढे कुठून पैसे आणायचे' हा हिशेब सुरू झालेला असतो.

स्वयंसेवक क्लबाबाहेरचेही घ्या. नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमधून, ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त झालेली माणसे वक्तशीर असतात आणि पाळीचे आयुष्य जगलेली असल्याने मुलांची घरे त्यांना कळतात. वडिलांची रात्रपाळी असेल तर दुपारी त्या खोलीत आवाज करायचा नसतो, अभ्यास कुठला होणार? महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेतली (एनएसएस) मुले वर्षाला १२० तास भरतात, ती उत्साही असतात, पण त्यांच्या परीक्षा आल्या की गायब होतात. म्हणून त्यांना एकटी जोडी कधी देऊ नका, एका निवृत्ताबरोबर एक कॉलेजकुमार. सर्वांत चांगले मार्गदर्शक मात्र पाच वर्षांनी मिळतात, तुमचीच जुनी मुले.

मुलांच्या सुरक्षिततेत सवलत देऊ नका, माणूस कितीही ओळखीचा असो. भेट शाळेच्या आवारात, उघड्या वर्गात किंवा व्हरांड्यात, दुसरी प्रौढ व्यक्ती नजरेच्या टप्प्यात. मुलाला एकट्याला गाडीवर घेऊन जायचे नाही, घरी बोलवायचे नाही, रात्री मेसेज नाहीत, फोनवर बोलणे पालकांच्या नंबरवर. फोटो पालकांच्या लेखी संमतीनेच. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, लपवणे गुन्हा आहे. हे सगळ्या स्वयंसेवकांना पहिल्या दिवशी सांगा आणि १०९८ हा चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांच्या मदतीचा नंबर मुलांच्या वहीत लिहून द्या. एखाद्या ज्येष्ठ सदस्याला हे नियम अपमानास्पद वाटले तर त्यांना दुसरे काम द्या.

खर्चाची काळजी करू नका, तो कमीच असतो. शाळा सुटल्यावर मुले भुकेली असतात, तेव्हा पोहे किंवा केळी आणि चिक्की. झेरॉक्स. लांबून येणाऱ्याला सिटीलिंकचे भाडे. सहली कार्यशाळांच्या, त्या जवळच. वह्यावाटपाचे पैसे एवढ्याला पुरून उरतात.

वेळापत्रकात दोन गोष्टी धरा. दहावीची परीक्षा फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू होते, तेव्हा जानेवारीत नवे काही शिकवू नका. आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाच्या पर्वण्या, म्हणजे मुख्य स्नानाचे दिवस आहेत. शाळा पंचवटी किंवा गोदावरीच्या गंगाघाटाच्या बाजूची निवडणार असाल तर त्या दोन महिन्यांचे शनिवार आजच दुसऱ्या जागी लावून ठेवा. पुढे कधी दिंडोरी किंवा निफाडच्या शाळेत काम नेलेत तर द्राक्षाच्या छाटणीच्या आणि काढणीच्या दिवसांत हजेरी कमी होते, पेठ-सुरगाण्याहून आलेल्या मजुरांची मुले तर गावेच बदलतात. तिथे शनिवारचा हा साचा चालत नाही, वस्तीवर जावे लागते.

आता सुरुवात. मुख्याध्यापकांना भेटायला दोघेच जा, पत्र घेऊन, हार-तुरे न घेता. वर्गशिक्षकांना सोबत बसवा, कारण कोणती मुले घ्यायची ते त्यांना ठाऊक असते. पहिल्या पाचात येणारी नकोत आणि फक्त शेवटच्या बाकावरचीही नकोत. जी हळूहळू शाळेत यायची कमी झाली आहेत ती मागा. मग गेल्या वर्षीच्या दहावीच्या वर्गाचे हजेरीपत्रक मागून घ्या आणि शिक्षकांना एकेका नावापुढे विचारा: हा आता कुठे आहे, ही कुठे आहे? अकरावीला, आयटीआयला, गॅरेजवर, घरी, लग्न झाले, माहीत नाही. 'माहीत नाही' किती येतात ते मोजा. आम्ही पहिल्यांदा हे केले तेव्हा वर्गशिक्षिका चौथ्या नावाला थांबल्या, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "या पोराचं मीच विचारायला हवं होतं." त्याचे घर शाळेमागच्याच गल्लीत होते. आम्ही तिथूनच उठून त्याच्याकडे गेलो.